ब्रेक पॅडल दगडासारखे कडक झाले? जुन्या गाडीचा बूस्टर बदलायच्या आधी हे तपासा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या डिझेल जीपचा ब्रेक बूस्टर बदलला. नवा टाकला, मजुरी दिली, अन् तिसऱ्याच दिवशी दुपारी बाजारातून येताना फाट्यावर ढोरं आडवी आली तेव्हा पॅडल पुन्हा तसेच, दगडावर पाय ठेवल्यासारखे. बायको बाजूला बसली होती, ती म्हणते "थांबवत काहून नाही?" आता तिला काय सांगू, दोन्ही पाय पॅडलवरच होते. थांबली गाडी एकदाची, पण गाईच्या शेपटीपासून हातभर अंतरावर.

दोष बूस्टरचा नव्हताच. कशाचा होता ते पुढे सांगतो, पण तेव्हापासून एक शिकलो की पॅडल कडक झाले म्हणजे "बूस्टर गेला" हे आपल्याकडे लय लवकर बोलून टाकतात. बूस्टर महाग पडतो, जुन्या मॉडेलचा तालुक्याला मिळत नाही, नागपूर-अमरावतीहून मागवावा लागतो, अन् बऱ्याचदा बिघाड निघतो तो हातभर पाईपात नाहीतर अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हमध्ये. खाली जे लिहिले आहे त्यातले अर्धे काम तर फक्त पायाने अन् कानाने होते, पाना लागत नाही.

आधी बूस्टर काय करते ते समजून घ्या म्हणजे बाकीचे आपोआप कळते. बोनेट उघडले की ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्याला चिकटून एक काळा गोल डबा दिसते, तो बूस्टर. त्याच्या तोंडावर मास्टर सिलेंडर, म्हणजे ब्रेक ऑईल दाबून चाकांकडे ढकलणारा, अन् वर ब्रेक ऑईलची डबी. काही जुन्या गाड्यांना बूस्टर नसतोच, मास्टर सिलेंडर सरळ पत्र्यावर, तशी गाडी असेल तर पॅडल जन्मापासूनच जड राहील, उगाच शोधत बसू नका. डब्याच्या आत रबराचा पडदा असते, त्याला डायफ्रॅम म्हणतात. इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते, तुम्ही पॅडल दाबले की ड्रायव्हरकडच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते अन् पडद्याला पुढे ढकलते. ही ढकल किती असते माहीत आहे का? ८ इंची डबा धरा, म्हणजे २० सेंटीमीटर, त्याचे क्षेत्रफळ झाले ३१४ चौरस सेंटीमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. आतली दोन तृतीयांश हवा काढलेली असली तरी २०० किलोच्या वर जोर झाला, म्हणजे दोन क्विंटल कापूस तुमच्या पायासोबत पॅडल दाबून राहिला. तो जोर गेला की पॅडल दगड होणार नाही तर काय होईल!

ही हवा ओढते कोण? पेट्रोल गाडीत इंजिनच ओढते, इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून. डिझेल इंजिनात तसा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो म्हणून मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्युम, म्हणजे हवा ओढून झालेली पोकळी, तयार होत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. सुमो-बोलेरो जमान्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट ढिला असला तर चार्जिंगही कमी अन् ब्रेकही जड, दोन दुखणी एकाच कारणाने. हे ध्यानात ठेवा, कामी येते.

सगळ्यात पहिले काम: पॅडल नेमके काय म्हणते

गाडी सपाट जागेवर लावा, चाकाला पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. रस्त्यावर चालवत चालवत तपासणी करायची नाही, हे सांगावे लागते कारण मी स्वतः केली आहे.

पॅडल कडक आहे, खाली जातच नाही, पण जोर लावला तर गाडी थांबते, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पॅडल मऊ आहे, स्पंजासारखे, दोन-तीनदा पंप केले की वर येते, तर लाईनीत हवा आहे नाहीतर मागच्या ड्रमचे लायनर लांब गेले आहेत, तिथे बूस्टरचा संबंध नाही. पॅडल दाबून धरले अन् हळूहळू फळीला टेकायला चालले, तर कुठेतरी ऑईल गळते नाहीतर मास्टर सिलेंडरचे आतले रबर दाब धरत नाही. या दोन प्रकारांत गाडी अजिबात बाहेर काढू नका, कडक पॅडलवाली गाडी निदान थांबते तरी, ही थांबणारच नाही.

अन् एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पॅडल कडक झाले म्हणून ब्लीडिंग करून हवा काढणारे मिस्त्री पाहिले आहेत. लाईनीतल्या हवेने पॅडल मऊ होते, कडक कधीच होत नाही. ऑईल वाया, दुपार वाया.

ऑईलची डबी आत्ताच पाहून घ्या. लेव्हल दोन रेघांच्या मधात पाहिजे. लायनर अन् पॅड झिजत गेले की लेव्हल थोडी थोडी उतरते, ते चालते. पण महिन्या-पंधरा दिवसांत टाकावे लागत असेल अन् चाकांकडे, पाईपाला, खाली जमिनीवर कुठेच ओल नसेल, तर ते ऑईल बूस्टरच्या पोटात जाऊन राहिले आहे. मास्टर सिलेंडरचे मागचे सील गेले की असे होते. हे फार कमी लोक पाहतात, म्हणून पुढे पुन्हा येतो त्यावर.

पायाची तपासणी, तीन प्रकारे

पहिली. इंजिन बंद. पॅडल पाच-सहा वेळा दाबा, आतला साठलेला व्हॅक्युम संपू द्या. पॅडल वर अन् कडक झाले की मध्यम जोराने दाबून धरा अन् तसेच धरून इंजिन चालू करा. पॅडल पायाखालून थोडे खाली सरकले पाहिजे. सरकले तर बूस्टरला व्हॅक्युम मिळते अन् बूस्टर काम करते. काहीच हालले नाही तर व्हॅक्युम पोचत नाही नाहीतर बूस्टर मेला, यातले कोणते ते पाईप पाहिल्यावर कळेल.

दुसरी. इंजिन एक-दोन मिनिटे चालवा, बंद करा, अन् आता नेहमीच्या जोराने पॅडल सावकाश दाबा-सोडा. पहिल्यांदा खोल जाईल, दुसऱ्यांदा थोडे वर, तिसऱ्यांदा आणखी वर. असे झाले तर बूस्टर हवा धरून ठेवते. पहिल्याच दाबाला कडक लागले तर हवा कुठून तरी गळून गेली, म्हणजे पाईपाचा जो वन-वे व्हॉल्व्ह असते, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा, तो, नाहीतर डायफ्रॅम.

तिसरी. इंजिन चालू, पॅडल दाबून धरा, तसेच धरून इंजिन बंद करा, अन् अर्धा मिनिट धरून ठेवा. पॅडल जागेवर राहिले तर ठीक. पायाला वर ढकलायला लागले तर बूस्टर गळते. खाली जाऊ लागले तर मास्टर सिलेंडर पाहा.

आता महत्त्वाचे. या तिन्ही तपासण्या गाडी थंड असताना करा अन् अर्धा-पाऊण तास चालवून इंजिन चांगले गरम झाल्यावर परत करा. मिस्त्री सकाळी सकाळी पाहते, सगळे बरोबर दिसते, दुपारी ४५ डिग्रीत बोनेटखाली काय चालू असते ते त्याला दिसतच नाही. माझ्या बाबतीत हेच झाले होते. सकाळी पॅडल लोण्यासारखे, दुपारी दगड.

अजून एक खूण पाहा. चालत्या इंजिनावर लागोपाठ तीन-चार वेळा ब्रेक मारा. पहिला चांगला लागला अन् दुसरा-तिसरा कडक होत गेला, अन् थोडे थांबले की परत चांगला, तर बूस्टर ठीक आहे पण त्याची हवा परत ओढली जायला वेळ लागून राहिला. म्हणजे पाईप कुठेतरी दबलेला, चोंदलेला, नाहीतर डिझेलचा पंप थकलेला. ही एक खूण मला आधी माहीत असती तर बूस्टरचे पैसे वाचले असते राजेहो.

कानाची तपासणी

इंजिन चालू ठेवून काच वर करून शांत बसा. पॅडल दाबताना क्षणभर हलका "स्स" आवाज येणे नेहमीचे आहे, ती हवा आत जायचा आवाज. पण दाबून धरले तरी आवाज थांबतच नाही, नाहीतर पाय काढला तरी पॅडलच्या मुळातून फुसफुस चालू आहे, तर डायफ्रॅम फाटला नाहीतर आतला व्हॉल्व्ह बसत नाही. पेट्रोल गाडीत याची आणखी एक खूण आहे, पॅडल दाबले की इंजिनची आयडलिंग बदलते, थरथरते, कधी बंदही पडते, कारण फाटक्या पडद्यातून फालतू हवा इंजिनात जाते. कार्बोरेटर साफ करून करून लोक थकतात अन् दोष असते ब्रेकमध्ये.

पाईप अन् व्हॉल्व्ह, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बूस्टरवर जो जाड रबरी पाईप येते तो पूर्ण हाताने चाचपत जा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्लिपच्या खाली पण. आपल्याकडच्या उन्हात रबर पापडासारखे होते, वरून साबूत दिसते पण वाकवले की भेगा उघडतात. खालची बाजू बोटानेच कळते, डोळ्याने नाही.

आता माझी गोष्ट. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, ओसरीत गंजी लागते, अन् जीप तिथेच बाजूला उभी राहते. कापसात उंदरं, उंदरांना बोनेटखालची ऊब. त्यांनी एका रात्रीत व्हॅक्युमचा पाईप कुरतडला. मी रस्त्यावर होतो, फाट्यावरच्या एका मिस्त्रीने जुन्या फवारणी पंपाचा पाईप कापून लावून दिला, म्हणे "चालते भाऊ, कायले टेन्शन घेता." अन् चालला की बावा, सगळी थंडी चालला! मी पण विसरून गेलो. फवारणीचा पाईप आतून बाहेर दाब सहन करायसाठी बनवलेला असतो, बाहेरून आत चेपायचा जोर त्याला माहीतच नाही. एप्रिल लागला, बोनेटखाली गरमी वाढली, पाईप नरम झाला अन् व्हॅक्युमने चपटा होऊन चिकटून बसायला लागला. गाडी थांबवून बोनेट उघडेपर्यंत तो परत गोल. म्हणून कोणालाच दिसला नाही, बूस्टर बदलणाऱ्याला पण नाही. मला दिसला तो इंजिन गरम, चालू, अन् पोराला सांगितले की ब्रेक मारत राहा, तेव्हा. डोळ्यासमोर पाईपाच्या वळणावर चुणी पडली अन् तो केळीच्या सालासारखा चपटा झाला.

तर पाईप नेहमी ब्रेक बूस्टरसाठीचाच घ्या, आत धाग्याची जाळी असलेला, जाड भिंतीचा, अन् आतले भोक जुन्याएवढेच. पाण्याचा, डिझेलचा, गॅसचा, फवारणीचा, कोणताच चालत नाही. दुकानात जुना तुकडा सोबत न्या.

व्हॉल्व्ह तपासायची रीत सोपी. इंजिन चालवून बंद करा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, पॅडलला हात-पाय लावू नका. मग बूस्टरवरून पाईप, व्हॉल्व्हसकट, सावकाश ओढून काढा. "फुस्स" करून हवा आत गेल्याचा आवाज आला पाहिजे. आला तर व्हॉल्व्ह अन् बूस्टर दोघेही हवा धरून आहेत. नाही आला तर व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहा: बूस्टरच्या बाजूने फुंकले तर हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने फुंकले तर अजिबात नाही. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली तर व्हॉल्व्ह बदला, स्वस्त वस्तू आहे. काही गाड्यांत तो पाईपाच्या मधात असते, त्यावर बाण काढलेला राहते, बाणाचे टोक इंजिनकडे. उलटा लावलेला पण पाहिला आहे मी एका ओळखीच्याच्या गाडीत. व्हॉल्व्ह जिथे डब्यात घुसतो तिथली रबरी रिंग पण पाहा, ती तडकली की हवा तिथूनच शिरते.

मग पाईपाचे मोकळे टोक, इंजिन चालू करून, अंगठ्याने बंद करा. अंगठा चिकटून बसला पाहिजे, काढायला जोर लागला पाहिजे. पोराटोराने हलकेच काढला तर पुरेसा व्हॅक्युम नाही. व्हॅक्युम गेज कोणाकडे असेल तर उत्तमच. चांगल्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिसते, डिझेलच्या चांगल्या पंपावर त्याहून जास्त, २५ च्या आसपास. पाईपाच्या मधात तीन तोंडांचा टी जोड लावून गेज जोडले अन् इंजिन बंद केले तर १५ सेकंदांत १ इंचापेक्षा जास्त पडायला नको.

पेट्रोल गाडीत गेज १२-१३ वरच अडकत असेल तर ब्रेक सोडा, इंजिनाकडे पाहा: टायमिंग, टॅपेट, मॅनिफोल्डची गॅस्केट. डिझेलमध्ये आयडलिंगला ब्रेक जड अन् एक्सलेटर दिला की हलका, असे असेल तर आधी बेल्ट ताणून पाहा, मग पंप. या पंपाला इंजिन ऑईलचे वंगण लागते, त्याला ऑईलची बारीक नळी येते, ती चोंदली की पंप कोरडा फिरून झिजतो. अन् व्हॅक्युमच्या पाईपात काळे ऑईल ओघळलेले दिसले तर पंप उघडायची वेळ झाली, कारण ते ऑईल बूस्टरपर्यंत गेले की डायफ्रॅम फुगवून टाकते.

आता खरेच बूस्टर असेल तर

पाईप चांगला, व्हॉल्व्ह चांगला, अंगठा चिकटते, अन् तरीही पहिली तपासणी नापास, तेव्हाच बूस्टरला हात लावा. मास्टर सिलेंडरचे दोन नट काढा, नळ्या न सोडता सिलेंडर हलकेच दोन बोटे पुढे सरकवा, नळ्या मुडपू देऊ नका, अन् मागे बोट फिरवा. ओले लागले तर मास्टर सिलेंडर गळते, अन् तेच ऑईल बूस्टरच्या रबरात गेले आहे. अशा वेळी नुसता बूस्टर बदलला तर नवा पण काही महिन्यांत जाईल. सिलेंडरच्या आतल्या रबरांची किट टाका नाहीतर सिलेंडर बदला, अन् मगच बूस्टर.

बूस्टर उघडून आतला पडदा बदलून देणारे शहरात आहेत. माझे मत विचाराल तर घरी उघडू नका, आत जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, डबा सुटला की तोंडावर येते. नवा घेताना पुढच्या दांडीची, म्हणजे मास्टर सिलेंडरला ढकलते तिची, लांबी जुन्याशी मोजून जुळवा. दांडी लांब राहिली तर मास्टर सिलेंडर पूर्ण मागे येत नाही, ब्रेक अर्धवट लागून राहतात, ड्रम तापतात. आखूड राहिली तर पॅडल खाली जाते.

नवा बूस्टर टाकल्यावर चाके जाम होत असतील तर एक झटपट तपासणी: चाक जॅकवर, ब्रेक लागून राहिलेले असताना मास्टर सिलेंडरचे नट थोडे ढिले करा. चाक मोकळे झाले तर दांडी लांब आहे नाहीतर बूस्टर मागे येत नाही. झाले नाही तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (लाईनीतली हवा काढायचा छोटा स्क्रू) क्षणभर उघडा. आता मोकळे झाले तर दाब लाईनीत अडकला आहे, म्हणजे मास्टर सिलेंडर किंवा आतून फुगलेला रबरी ब्रेक पाईप. तरीही नाही तर कॅलिपर किंवा व्हील सिलेंडर गंजला आहे. निपल उघडला म्हणजे थोडी हवा जाऊ शकते, नंतर ब्लीडिंग करून घ्या. ब्रेक ऑईल डबीच्या झाकणावर लिहिले असेल तेच, डॉट ३ नाहीतर डॉट ४. कोरड्या डॉट ३ ला उकळायला निदान २०५ डिग्री लागतात, ओलावा शोषला की १४० वरच उकळू शकते, म्हणून दोन वर्षांनी बदला. इंजिन ऑईल चुकून सुद्धा टाकू नका, सगळी रबरं फुगतात.

घाटाचे वेगळे सांगतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे बूस्टरमध्ये फक्त दोन-तीन दाबांचा साठा, पहिल्या दोन वळणांत संपते, अन् तिसऱ्या वळणावर पॅडल दगड. वरून चावी फिरवली तर स्टेअरिंग लॉक व्हायची भीती. अन् चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे, तिथे हवाच पातळ, पेट्रोल गाडीला खालच्यापेक्षा व्हॅक्युम तसाही दोन-तीन इंच कमीच मिळतो. गिअरमध्ये उतरवा. चालत्या गाडीत पॅडल कडक झालेच तर पंप करू नका, आहे तो साठा संपतो. एकदाच, दोन्ही पायांनी, पूर्ण जोराने दाबून धरा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, चावीला हात लावू नका.

काम झाल्यावर पहिली चाचणी डांबरी रोडवर नाही, वावराच्या रस्त्यावर, कोणी नसताना, २० च्या स्पीडला. तीन-चार वेळा थांबवा. मग अर्धा तास फिरवून, गरम झाल्यावर, परत तेच. अन् नवीन पाईप टाकला असेल तर दोन दिवसांनी क्लिपा परत आवळा, नवे रबर तापले की थोडे बसते अन् क्लिप ढिली होते.